तेरा डिसेंबर की अठरा डिसेंबर

जहाज एकच आणि त्यावरून भांडणारी माणसं दोन. एक माझी बायको. ती पुण्यात मशिन डिझाइनचं काम करते आणि उरलेल्या वेळात प्लास्टिकच्या युद्धनौका जोडते. दुसरे तिचे मामा, मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातून निवृत्त झालेले फिटर. खऱ्या जहाजांवर आयुष्य काढल्यामुळे हातभर लांबीच्या जहाजांबाबतही शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालतात. मला या दोन्हींतलं काही येत नाही, म्हणून लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

भांडण आयएनएस दिल्लीचं. तिचा जन्म इंग्लंडमधल्या बर्कनहेडचा. कॅमेल लेअर्ड कंपनीच्या गोदीतून १ सप्टेंबर १९३२ रोजी ती पाण्यात उतरली. तेव्हा तिचं नाव होतं अकिलीस. लिअँडर वर्गातली ही हलकी क्रूझर, दोन धुराड्यांच्या जागी एकच जाडजूड धुराडं असलेली. महायुद्धात ती न्यूझीलंडच्या नाविकांनी चालवली, ५ जुलै १९४८ रोजी भारताकडे आली आणि ३० जून १९७८ रोजी सेवेतून निवृत्त झाली. दिल्लीच्या नावाचा किट काही आम्हाला मिळाला नाही. मिळाला तो एअरफिक्सचा १/६०० प्रमाणातला ‘अजॅक्स’चा जुना किट. अजॅक्स म्हणजे अकिलीसची त्याच वर्गातली धाकटी बहीण. डबा उघडला, प्लास्टिकच्या चौकटी टेबलावर पसरल्या आणि पहिला तुकडा कापायच्या आत ठिणगी पडली.

भाची : मामा, सरळ गोष्ट आहे. किट १९३९च्या अजॅक्सचा आहे. थोडेफार बदल केले की त्यातून १९३९ची अकिलीस निघते. रिव्हर प्लेटची लढाई, १३ डिसेंबर. समोर जर्मनांची ग्राफ श्पे, अकरा इंची सहा तोफा. इकडे एक्झेटर, अजॅक्स आणि अकिलीस. आणि अकिलीसच्या डोलकाठीवर लढाईच्या वेळी न्यूझीलंडचा झेंडा चढवलेला. यापेक्षा मोठा दिवस या जहाजाच्या आयुष्यात दुसरा कुठला?

मामा : तो अकिलीसचा. मी अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा धक्क्याला उभी असायची ती दिल्ली होती. तुझ्या या चौकटीत तोफांची चार टरेट दिसतायत. दिल्लीवर तीन होती.

भाची : कारण मागचं एक, एक्स टरेट, जपान्यांनी उडवलं. जानेवारी १९४३, ग्वाडलकॅनालजवळ बॉम्ब पडला. नंतर दुरुस्तीत ते टरेट काढूनच टाकलं आणि तिथे विमानविरोधी पॉम-पॉम तोफा बसवल्या.

मामा : मग झालं तर. चौथं टरेट कापायचं.

भाची : कापायला हरकत नाही. पण एक टरेट कापून भागत नाही. विमान उडवायचा कॅटपल्ट काढावा लागेल. साध्या डोलकाठ्या जाऊन तिपाई डोलकाठ्या येतील, त्यावर रडार येतील. चार इंची तोफा जोडीच्या होतील. निम्मं जहाज मला स्वतः घडवावं लागेल. आणि ते कुठल्या दिवशीचं?

मामा : दिवस कशाला हवा? दिल्ली ती दिल्ली.

भाची : दिवस हवाच. १९४८ साली तिच्यावर कुठला झेंडा होता? ब्रिटिश नौदलाचाच व्हाइट एन्साइन. २६ जानेवारी १९५०ला कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, पण सेंट जॉर्जचा लाल क्रॉस तसाच राहिला. तो गेला २००१ साली. २००४ला पुन्हा आला, आणि २०२२ साली कायमचा जाऊन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. नुसतं ‘दिल्ली’ म्हणालास तर मी झेंडा कुठला लावू?

मामा जरा थांबले. मग म्हणाले, ‘‘१८ डिसेंबर १९६१.’’

हा दिवस मराठी माणसाला सांगावा लागत नाही. गोवा मुक्तीची कारवाई त्या दिवशी सुरू झाली. मुरगावच्या बंदरात आपल्या फ्रिगेटींनी पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’वर मारा केला हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच वेळी दीवसमोर लष्कराच्या मदतीला तोफा डागणारी क्रूझर दिल्ली होती, हे कमी जणांना.

भाची : तेव्हा तू शाळेत होतास मामा. म्हणजे तू पाहिलेली दिल्ली नाहीच ही.

मामा : पाहिली तीच. मधल्या दहा-बारा वर्षांत चार वस्तू इकडच्या तिकडे झाल्या असतील.

भाची : त्या चार वस्तूंवरच माझं सगळं काम आहे.

मला वाटतं या छंदातला खरा वाद इथे आहे. चिकटपट्टी कुठली आणि रंग कुठल्या कंपनीचा हे सगळं पुढचं. जहाज म्हणून आपण जे म्हणतो ते चाळीस-पन्नास वर्षं बदलत राहिलेलं लोखंड असतं. मॉडेल मात्र एका दिवसाचंच होऊ शकतं. ते एकाच दिवसाचं झालं नाही तर १९३९चा कॅटपल्ट आणि १९६१चं रडार एकाच डेकवर नांदायला लागतात, आणि असं जहाज समुद्रावर कधीच नव्हतं.

गंमत म्हणजे खुद्द दिल्लीनेच हा घोळ एकदा पडद्यावर घातला आहे. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांच्या १९५६च्या ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या चित्रपटात अकिलीसची भूमिका आयएनएस दिल्लीने केली. म्हणजे स्वतःचीच. ग्राफ श्पे झाली होती अमेरिकेची सेलम. हा मुद्दा मामांनी हुकमाच्या पत्त्यासारखा काढला.

मामा : सिनेमात ती तीन टरेट घेऊन १९३९ची लढाई लढली. कुणी मोजली?

भाची : मी मोजली.

पुढचा रविवार हलच्या, म्हणजे जहाजाच्या धडाच्या, जोडकामात गेला. हल दोन अर्धुकांत येतो, उजवी बाजू आणि डावी बाजू. दोन्ही चिकटवल्या की नाळेपासून तळापर्यंत एक सांधा राहतो. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, वॉटर पेपरने ओलं घासायचं, प्रायमरचा पातळ हात द्यायचा. लपून राहिलेला सांधा प्रायमरखाली लख्ख दिसतो. मग पुन्हा पुट्टी. यात मामा आणि भाची यांच्यात एका शब्दाचाही वाद झाला नाही. दोघांचे हात या कामात सारखेच हट्टी आहेत. घासलेल्या जागेवरून डोळे मिटून अंगठा फिरवायचा मामांचा प्रकार तिने तिथल्या तिथे उचलला.

वाद पेटला कठड्यांवरून. हल्ली हौशी लोक किटातल्या भागांवर थांबत नाहीत. रसायनाने कोरलेले पितळेचे पातळ पत्रे वेगळे विकत मिळतात. त्यांत शिड्या, रडारच्या जाळ्या, क्रेनचे सांगाडे आणि डेकभोवतीचे कठडे असतात. ते चिमट्याने दुमडून सुपरग्लूने बसवायचे. तिने असा एक पत्रा मागवून ठेवला होता.

मामा : हे कशाला?

भाची : कठडे नसलेलं जहाज उघडं दिसतं.

मामा : पत्रा किती जाडीचा?

भाची : ०.१ मिलिमीटर.

मामा : गुणिले सहाशे कर.

भाची : साठ मिलिमीटर.

मामा : सहा सेंटीमीटर जाडीचा कठडा! दिल्लीच्या कठड्याची तार माझ्या करंगळीपेक्षा बारीक होती. तू तिथे नळाचे पाइप लावतेयस.

भाची : मग किटातला डेकभोवतीचा आडोसा बघ. अर्धा मिलिमीटर प्लास्टिक. म्हणजे खऱ्या जहाजावर तीस सेंटीमीटर. दिल्लीच्या कुशीतला चिलखताचा पट्टासुद्धा याच्या निम्मा नव्हता. तो मी कानशीने कडेला तासून पातळ करणारच आहे. प्रमाणाचा नियम लावायचा तर सगळीकडे लाव.

मामा : लावतो. तू या टेबलाशी बसून हे किती अंतरावरून बघतेस? अर्धा मीटर. त्याला गुणिले सहाशे. तीनशे मीटर. भाऊच्या धक्क्यावर उभी राहा आणि तीनशे मीटरवरच्या जहाजाच्या कठड्याच्या तारा मोजून दाखव. दिसत नाहीत ना? मग लावायच्या नाहीत. जे त्या अंतरावरून दिसतं तेवढंच करायचं, पण ते चोख.

भाची : पण मॉडेलकडे कुणी ताठ बसून बघत नाही. माणूस वाकतो. नाक डेकला लावतो. दहा सेंटीमीटरवर आला की तो साठ मीटरवर आला. साठ मीटरवरून कठडा दिसतो.

मामा : साठ मीटरवरून पाइप दिसेल.

या गणितात दोघेही बरोबर आहेत, म्हणून तो वाद मिटत नाही. मधला एक रस्ता जुन्या लोकांनी शोधलेला आहे. किटाची उरलेली चौकट मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची, मऊ झाली की बाजूला घेऊन दोन टोकं ओढायची. केसाहून बारीक तंतू निघतो. त्याच्या तारा ताणायच्या. बायकोने हे करून दाखवलं. मामांनी तंतू उजेडात धरला, ‘हं’ म्हणाले आणि खांबांचा प्रश्न काढला. तार बारीक झाली, पण ती ज्या खांबांवर ताणायची ते खांब पुन्हा जाडच.

नंतर मात्र पाट्या बदलल्या. हलवर लोखंडी पत्र्यांच्या कडा दाखवायच्या की नाहीत, हा प्रश्न निघाला. मामा नको म्हणतील आणि भाची हवं म्हणेल, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं.

भाची : पत्र्यावर पत्रा चढतो तिथली कड दहा मिलिमीटर धर. भागिले सहाशे. ०.०१७ मिलिमीटर. रंगाच्या थरात बुडून जाईल. तुझ्याच नियमाने नको.

मामा : हवं. दुपारी डोक्यावर ऊन असताना जहाजाची कूस सपाट दिसते. संध्याकाळी ऊन आडवं आलं की प्रत्येक पत्रा वेगळा दिसतो. आतल्या बरगड्यांच्या मध्ये पत्रा थोडा आत बसलेला असतो, समुद्राने दाबून दाबून. ते तीनशे मीटरवरूनही दिसतं. मी रोज बघायचो.

भाची : गणितात बसत नाही.

मामा : गणितात नसेल बसत. दिसतं. सावली पडते ना! कड किती जाड याला महत्त्व नाही, सावली पडते की नाही याला आहे.

तिने हलवर पातळ टेप लावून एकाआड एक पट्ट्यांवर प्रायमरचा जादा हात फवारला, टेप काढला, आणि टेबल-लॅम्प हलच्या शेपटाकडून आडवा धरला. पट्टे उमटले. लॅम्प वर उचलला, गेले. या एका बाबतीत माझा कौल पूर्ण मामांच्या बाजूने आहे. वस्तू प्रमाणात लहान करता येते, ऊन लहान करता येत नाही. मॉडेल करणाऱ्याने काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय पट्टीवर मोजून होत नाही.

रंगाचं प्रकरण लवकर आटपलं. प्रमाण लहान तितका रंगात पांढरा जास्त मिसळायचा, कारण लांबच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकटतो, हे दोघांनाही मान्य. भांडण गंजावर झालं. आजकालच्या मॉडेलांवर तपकिरी ओघळांची चंगळ असते, आणि बायकोकडे त्यासाठी तैलरंगाच्या ट्यूबा तयार होत्या.

मामा : हे जहाज आहे की दारूखान्यात तोडायला लावलेला बार्ज? नौदलाच्या जहाजावर असा गंज दिसला तर कुणाची तरी सुट्टी गेली म्हणून समज. खलाशी दिवसभर चिपिंगचा हातोडा घेऊन बसलेले असतात. गंज खरवडायचा, शेंदरी प्रायमर मारायचा, वर राखाडी.

भाची : मग झीज दाखवायचीच नाही?

मामा : दाखव की. ठिगळं दाखव. नवा मारलेला राखाडी आणि उन्हाने उडालेला राखाडी कधीच जुळत नाहीत. अधूनमधून शेंदरी डाग, वरचा हात अजून लागायचा आहे असा. ओघळ दोनच ठिकाणी, नांगराच्या भोकाखाली आणि पाणी बाहेर पडतं तिथे.

ट्यूबा डब्यात परत गेल्या. नंतर मी मध्ये तोंड घातलं आणि बाहेरच्या माणसाचा नेहमीचा प्रश्न विचारला. युद्धनौकाच का? माणसं मारायला केलेली वस्तू दिवाणखान्यात कशाला? बायको म्हणाली की इंजिन, तोफ, रडार, घर, स्वयंपाकघर, दवाखाना हे सगळं एका हलमध्ये कोंबण्याचं अवघड डिझाइन दुसऱ्या कुठल्या वस्तूत मिळत नाही. उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरं. मामांचं वेगळं होतं.

मामा : जावईबापू, रिव्हर प्लेटला अकिलीसवर चार माणसं गेली. बरोबर ना गं? तोफांचा नेम धरायच्या मनोऱ्यात तोफगोळ्याचे तुकडे घुसले. ती चार माणसं पुस्तकात आहेत. पण १९४३च्या जूनमध्ये ती पोर्ट्समथच्या गोदीत दुरुस्तीला होती तेव्हा तेलाच्या टाकीत स्फोट झाला आणि गोदीतले चौदा कामगार गेले. लढाईत चार, गोदीत चौदा. ते तुझ्या मॉडेलमध्ये कुठे दाखवणार? तिपाई डोलकाठी त्याच दुरुस्तीत बसली. म्हणून म्हणतो, तिपाईवाली कर. १९३९ची करशील तर ते चौदा त्यात येतच नाहीत.

यावर तिने वाद घातला नाही. तरी तिच्या १३ डिसेंबरच्या बाजूने मला एवढं म्हणायचं आहे की तिचा हट्ट आळशीपणाचा नव्हता. रिव्हर प्लेटच्या जहाजांवर आराखडे, फोटो, पुस्तकं यांची रेलचेल आहे. शंका आली की उत्तर सापडतं. १९६१च्या दिल्लीचे फोटो बहुतेक लांबून काढलेले, बाजूने, नांगर टाकून उभी असलेली. एक्स टरेट गेल्यावर राहिलेल्या ओट्यावर त्या डिसेंबरात नेमकं काय काय उभं होतं, होड्या कुठल्या आकड्यावर टांगल्या होत्या, ब्रिजच्या मागच्या बाजूला काय बसवलं होतं, हे लांबच्या फोटोत कळत नाही. ‘आठवणीतून’ केलेली मॉडेलं ती मानत नाही, आणि ते बरोबर आहे. मामांची आठवण सत्तरीच्या दशकातली, प्रशिक्षणाच्या कामाला लागलेल्या जहाजाची.

शेवटी तह झाला तो असा. जहाज १८ डिसेंबर १९६१चं. कुशीवर नाव नाही, क्रमांकही फोटोत दिसेल तसाच. तिची अट : ज्याला फोटो किंवा आराखडा नाही ते लावायचं नाही, मामांना कितीही आठवत असलं तरी. मामांची अट : पितळेचे कठडे नाहीत. ओढलेल्या तंतूचे चालतील, तेही फक्त पुढच्या आणि मागच्या डेकला. एक्स टरेट तिने करवतीच्या बारीक पात्याने कापलं. तिपाई डोलकाठी अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेची, आणि ती सोल्डर केली मामांनी. सुपरग्लूवर त्यांचा विश्वास नाही.

माझा कौल विचाराल तर १८ डिसेंबर. एक तर १९३९ची अकिलीस करणारे जगभर पुष्कळ आहेत. न्यूझीलंडच्या लोकांनी तर तिची आठवण नीट सांभाळली. जहाज मुंबईत तोडलं गेलं तेव्हा तिचं एक जोडतोफांचं टरेट भारताने त्यांना भेट दिलं आणि ते आज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळाच्या दाराशी उभं आहे. आपल्याकडे ती तीस वर्षं होती, लढाईत आणि शांततेत. नेहरू १९५० साली इंडोनेशियाला गेले ते तिच्यावरून. १९५३ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त स्पिटहेडला जहाजांचं संचलन झालं, त्यात ती होती. तिचं १९६१चं रूप आपण नाही केलं तर कुणी करणार नाही.

त्यासाठी जे हवं आहे ते किटाच्या डब्यात नाही. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या घरांत आहे. या पट्ट्यातली कितीतरी मुलं त्या काळात नौदलात आणि गोदीत गेली. टरेटला टेकून, होडीपाशी, डेकवर मित्रांसोबत त्यांनी फोटो काढून घेतले. आजोबांच्या चेहऱ्यामागे एखादी बोफोर्स तोफ, एखादा कठडा, एखाद्या रडारचा पाया धूसर दिसत असेल. असा फोटो तुमच्या घरी असेल तर तो कपाटातून काढा, दोन्ही बाजू स्कॅन करा आणि जहाजाचं नाव व साल मागे लिहून ठेवा. ज्यांना ते सांगता येईल अशी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना या महिन्यात विचारा.